ज्वारीच्या कोठीशी इंग्रजी

माणसाला काही ना काही खोड असतेच. कुणाला तंबाखूची, कुणाला देवदेव करायची. मला चौकशीची आहे. गावात कुणाकडं पाहुणे आले, कुणाची म्हैस आटली, कुणाचा जावई रुसून गेला, हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही. लोक म्हणतात, पार्वतीबाईला नसत्या उठाठेवी फार. म्हणू देत. चौकशी केल्यानं कुणाचं वाटोळं झालेलं मी पाहिलं नाही, न केल्यानं झालेलं मात्र पुष्कळ पाहिलंय.

त्या दुपारी हरभऱ्याची भाजी खुडता खुडता माझ्या पाठीत उसण भरली, म्हणून मी शेतातून लवकर परतले. दारात पाय ठेवते तर आतून बोलण्याचा आवाज. आवाज आमच्या सुनेचा, अर्पिताचा, आणि बोलणं इंग्रजी.

आधी वाटलं फोनवर असेल. पण फोन ओसरीवर चार्जिंगला लावलेला, माझ्या डोळ्यांसमोर. मग आत कोण? आमचे हे सोसायटीच्या मीटिंगला गेलेले. लेक बालाजी गंगाखेडला साखर कारखान्यात कामाला. गाळप सुरू झालं की तो शिमग्यापर्यंत तिकडचाच. मी चपला बाहेर काढल्या आणि आवाज न करता दाराच्या फटीतून पाहिलं.

आत कुणीच नव्हतं. सून पालथ्या बादलीवर बसली होती आणि तिच्यासमोर होती आमची पत्र्याची ज्वारीची कोठी. त्या कोठीला ती काहीतरी समजावून सांगत होती. हात हलवत होती, मधेच हसत होती, एकदा तर बोट रोखून तिच्याशी वादही घातला. मला नवल वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. लग्नाला दोन वर्षं होत आली. 'हो आत्याबाई', 'बरं आत्याबाई' यापलीकडं या पोरीचं तोंड माझ्यासमोर उघडलेलं मला आठवत नव्हतं. आणि कोठीचं नशीब बघा.

"कुणासंग बोलायलीस गं?"

ती ताडकन उठली. बादली कलंडली. "कुणासंग न्हाई, आत्याबाई. सोमवारच्या मुलाखतीचा सराव करायले."

त्या मुलाखतीचं सांगायला पाहिजे. जिंतूरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायला बाई हवी होती. अर्पिता बी.एस्सी., बी.एड. दिवाळीआधी ती एकदा जाऊन आली होती आणि तिथं तिची दातखीळ बसली. सगळं येत असून तोंडातून शब्द निघाला नाही. घरी येऊन परसात रडली. जागा काही भरली नाही, म्हणून शाळेनं पुन्हा बोलावलं. तेव्हा मीच निकाल दिला होता, की आता जायचं ते शेवटचं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर नोकरीचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. शेतात कामाला माणूस मिळेना झालंय. बालाजी फोनवर गप्प बसला, म्हणजे त्याची ना नव्हती. तिनं नुसती मान हलवली. पण त्या नोकरीवर तिचा किती जीव आहे, हे मला त्या दुपारी कळलं. रिकाम्या घरात पत्र्याशी बोलायला जीव लागल्याशिवाय कोण बसतं?

"मला एक सांग," मी म्हणाले. "कोठीसमोर इतकी फाडफाड बोलतीस, मग तिथं काय झालं?"

"कोठी सवाल विचारत न्हाई ना, आत्याबाई."

"मंजे?"

"मोबाईलवर शिकवत्यात, की घरी एकटंच मोठ्यानं बोलायचं. भांडे घासता घासता, कणिक मळता मळता, जे काम करायलोत ते इंग्रजीत सांगायचं. तसं सगळं येतंय मला. पण समोर माणूस बसून विचारायलं की घशातच अडकतंय."

मला ते पटेना. गळा तोच, जीभ तीच, मग अडतं कुठं? "तिथं कशी बसली होतीस ते दाखव बरं," मी म्हणाले.

ती पुन्हा बादलीवर बसली. गुडघे जुळवले, हात मांडीवर घेतले, मान खाली घातली. नजर पायाच्या अंगठ्यावर, आणि अंगठा फरशी उकरायला लागला. मी विचारलं, "नाव काय, बाई?" तर उत्तर इतकं बारीक आलं, की शेजारच्या माठालासुद्धा ऐकू गेलं नसेल.

मला हसू आवरेना. आमच्याकडं मुलगी पाहायला गेलं की पोरगी अशीच बसते. घरातल्या बायका आदल्या दिवशीच बजावून ठेवतात, मान वर करायची नाही, विचारलं तेवढंच सांगायचं, तेही हळू. ही पोर शाळेच्या मोठ्या बाईंपुढं नोकरी मागायला गेली आणि पाहणीला बसून आली. पोह्यांचा ट्रे तेवढा हातात नव्हता.

"आगं, त्या बाई तुला सून करून न्यायला बसल्या होत्या का?"

तीही हसली. मग म्हणाली, "काय करू? मोठं माणूस समोर बसून विचारायलं की मान आपोआप खाली जाती. आजवर मला सवाल विचारले ते परीक्षेत, न्हाई तर पाहणीत. परीक्षेत तर बोलायचंच नसतं."

तिच्या पाहणीत सवाल विचारणारी मीच होते. अर्थात त्यात माझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. भावकीत कुणासाठी मुलगी बघायची असली की गाडीत पहिली जागा माझी असते, ती उगीच नाही. 'स्वयंपाक येतो का' असलं मी विचारत नाही. येतो असंच सगळ्या सांगतात. मी विचारते, 'भाजीत मीठ जास्त पडलं तर काय करशील?' तिथं खरं-खोटं बाहेर पडतं. सातवीच शिकले, पण सवालात मी कुणाला हार जायची नाही.

आणि मग वाटलं, घरात असला माल पडलेला असताना ही पोर कोठीसमोर का बसते?

"बस खाली," मी म्हणाले. "मी मराठीत विचारते, तू इंग्रजीत सांग."

"पण तुमाला कसं कळायचं?"

"मला तोंड कळतंय. बस."

त्या दिवसापासून रोज दुपारी भांडीकुंडी आवरली, की मी कोठीला पाठ टेकून बसायची आणि ती बादलीवर. पहिला मुकाबला नजरेचा झाला. मी म्हणायची, मान वर कर, माझ्या डोळ्यांत बघ. ती बघायची आणि वाक्य अर्ध्यात तुटायचं. पुन्हा सांगायची, पुन्हा तुटायचं. हळूहळू ती टिकायला लागली आणि मग पंचाईत माझी झाली. सुनेनं सासूच्या डोळ्याला डोळा लावून बोलावं, तेही आपल्याला न कळणाऱ्या भाषेत! तोंडाशी यायचं, 'नजर खाली कर, शिंगं फुटली का?' पण सांगणारी मीच. राग गिळून बसावं लागे.

सवाल मात्र मी एकेक घोळून काढले. वर्गात पोरांनी दंगा केला तर? पोराचा बाप भांडायला आला तर? सकाळची एस.टी. चुकली तर? ती बोलायची आणि मी तिच्या तोंडाकडं बघत राहायची.

"आता थापा मारायलीस," एकदा मी मधेच म्हणाले.

ती चमकली. "कसं कळलं?"

"डोळे आढ्याला गेले तुझे. काय सांगितलंस?"

"छंद विचारला ना तुमी. मी वाचन सांगितलं. लग्नापासून कुठं वाचलंय काही?"

आमचे हे एकदा दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "हे काय चालवलंय? एक मराठीत भांडायलीय, एक इंग्रजीत. मधी ज्वारीचं काय चुकलं?" मी त्यांना हाकलून लावलं. मला त्या खेळाची गोडी लागली होती. दोन वर्षं जी पोरगी घरात असून नसल्यासारखी वावरली, तिला इतकं काय काय सांगायचं असतं, याचंच मला अप्रूप वाटायचं. कळत नव्हतं त्यातलं काही, ही एकच चुटपुट.

रविवारी दुपारी सवाल संपले. उद्या मुलाखत. मी बसल्या बसल्या तिच्याकडं बघत होते आणि एक सवाल आपोआप तोंडातून गेला. तो मुलाखतीचा नव्हता, माझाच होता.

"या घरात तुला काय खुपतं?"

तिची मान खाली जाते की काय असं वाटलं. पण गेली नाही. माझ्याकडं बघत तिनं बोलायला सुरुवात केली आणि ती थांबेचना. कुठं अडखळली नाही, शब्द शोधला नाही. आवाज मोठा नव्हता. मधे एकदा डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलंही नाही. मी तोंड वाचत होते. त्यात खोटं काही नव्हतं.

"आता हे मराठीत सांग," मी म्हणाले.

"मराठीत न्हाई सांगता येत, आत्याबाई."

"कामून?"

"न्हाई येत."

मला असा राग आला म्हणता! माझ्या घरात, माझ्या तोंडावर, माझ्याच घराबद्दल बोलली, आणि मलाच कळू नये? संध्याकाळभर मी भांडी आपटली. तिनं विचारलं, पिठलं टाकू का, तर मी उत्तर दिलं नाही.

सोमवारी ती सकाळच्या एस.टी.नं गेली. मी शेतात गेले नाही. दार झाडलं, पुन्हा झाडलं, कोठी पुसली. तिला नोकरी लागावी असं वाटत होतं का? वाटत होतं. दुसरं कुणी शिकवलं असतं तर वाटलं नसतं कदाचित, पण आता माझे सवाल पणाला लागले होते. आणि ती दातखीळ बसून परत आली असती तर मीच घातलेली अट मला पाळावी लागली असती. कोठीपुढली ती पोरगी मग कायमची गेली असती. ते मला नको होतं.

दुपार कलल्यावर ती आली. चालण्यावरूनच कळलं. तरी मी विचारलं, "काय झालं?"

"लागली, आत्याबाई. एक तारखेपासून या म्हणाल्या."

मी तिच्या हातावर साखर ठेवली. पाणी दिलं. मग माझ्यानं राहवेना. "काय काय विचारलं?"

"बरंच काही. शेवटी मोठ्या बाईंनी विचारलं, एखादं लेकरू घरी बोलतं आणि वर्गात तोंडच उघडत न्हाई, त्याला कसं बोलतं कराल?"

"मग?"

"मी म्हणले, त्याच्या डोक्यावर उभी राहणार न्हाई. कुणी टपून ऐकायलंय असं वाटलं की माणसाचं तोंड मिटतं. मला म्हाईत हाय, म्हणले. त्या बाईंना ते लय आवडलं."

"तुझ्यावर कोण टपलंय?"

मी सहज विचारलं होतं. तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. मीच शिकवलेलं बघणं.

"तुमी, आत्याबाई." आवाज कापत होता, पण मराठी होता. "आईचा फोन आला की तुमी काम घेऊन बाजूला येऊन बसता. आई विचारती कशी हायस, मी म्हणते बरी हाय. जेवलीस का, जेवले. दोन वर्षांत आईसंग मी एक गोष्ट मनासारखी बोलले न्हाई. काल तुमाला हेच सांगितलं. घरात कुणाला कळत न्हाई असं बोलायला मला ते इंग्रजीच होतं."

माझ्या तोंडाशी उत्तर तयार होतं. घर माझं, बसायचं कुठं हे मी ठरवणार. आणि सून माहेरी काय सांगते हे कोणत्या सासूला ऐकावं वाटत नाही? पण तिची नजर खाली जाईना आणि माझी गेली.

तेवढ्यात फोन वाजला. तिच्या आईचाच, निकाल विचारायला. तिनं फोन हातात घेतला, पण उचलला नाही. मी तुरीची डाळ निवडायला घेतलेलं सूप उचललं आणि बाहेर आले. दार मागं लोटून घेतलं.

ओट्यावर हे बसले होते. "आत जागा न्हाई का?"

"आत फोन चालू हाय."

"मग?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मला ताप आलाय.

"मग काही न्हाई. गप बसा."

आत ती हसली. मग आवाज बारीक झाला. मग नाक ओढल्यासारखं काहीतरी. माझं सगळं ध्यान दाराकडं. हातातली डाळ नुसती इकडून तिकडं होत होती, खडा दिसेना. काय सांगत असेल? नोकरीचं? बालाजीचं? माझं? जीव नुसता कासावीस झाला.

"आत्याबाई" असा शब्द कानावर आला. पुढचं वाक्य सुरू झालं.

मी सूप घेऊन उठले आणि गोठ्याच्या पलीकडं जाऊन बसले.