खुर्चीची चरबी

"निघाली! निघाली!" अख्खा हॉल उठून उभा राहिला. घमेल्यातल्या पाण्यावर पांढरे गोळे तरंगत होते आणि माई हात उंचावून सांगत होत्या, "बघा, लेकराच्या पायांतून उतरलेली चरबी! डॉक्टरांना जमलं का कधी?"

मावशी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. तिला त्या गोळ्यांपेक्षा माईंनी घमेल्यात ओतलेल्या कुपीतल्या औषधाचा आंबट वास जास्त खटकला. घमेल्यात पाय सोडून बसली होती तिची सात वर्षांची भाची. पोर एक जिना चढली तरी धापा टाकायची. रक्तातली साखर वाढायला लागलीय, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण माई भेटल्यापासून मावशीच्या ताईने, म्हणजे पोरीच्या आईने, तिचं फिरणं, तपासणी, सगळंच सोडून दिलं होतं.

वर माई प्रत्येक मुलाला ग्लासभर गोड सरबत पाजत. "चरबी गेली की आत पोकळी होते. ती भरायला नको?" मावशीचं डोकंच फिरलं. आग विझवायच्या नावाखाली बाई तेल ओतत होती!

भाची कुजबुजली, "मावशी, माई आधी घमेल्यातच साबणाने पाय धुतात. कुपीतलं नंतर टाकतात."

मावशीने जवळची लाकडी खुर्ची उचलली. "माई, हिचीही उतरवा."

"श्रद्धा नसेल तर गुण येत नाही, बाई."

"खुर्ची फार श्रद्धाळू आहे. रोज तुमचं प्रवचन ऐकते."

लोक हसले. मावशीने दुसऱ्या घमेल्यात स्वच्छ पाणी घेतलं, त्यातच खुर्चीचा पाय साबणाने चोळून धुतला आणि माईंची कुपी उचलून त्यात उपडी केली. पाणी दुधाळ झालं. पांढरे गोळे वर आले.

"खुर्चीवर कोणी जाडं माणूस बसलं असेल!" माई ओरडल्या.

"साबण तेलापासून बनतो," मावशी लोकांकडे वळली. "त्यात आंबट पडलं की त्यातला स्निग्ध भाग सुटून तरंगतो. अंगातली चरबी कातडीतून अशी गळत नाही."

ताईचा चेहरा उतरला. "मग हिचं वजन?"

"ते हळूहळू वाढलं, ताई. तान्ही असताना रडली की साखरेचं दूध, मग बिस्किटं, खेळायला जागा नाही म्हणून टीव्ही. लहानपणी लागलेली गोडी जिभेची पुढेही सुटत नाही. तुझ्या एकटीचा दोष नाही, आपण सगळ्यांनीच लाड केले. आता घरातलं जेवण सगळ्यांनीच बदलू, तिला पळायला मैदान शोधू, उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

ताईने लेकीच्या हातातला सरबताचा ग्लास काढून घेतला आणि घमेल्यात ओतला. मग तिचे पाय पुसून म्हणाली, "चल, जिन्याने उतरू. दमलीस तर थांबू."

चमत्काराला नमस्कार जरूर करावा. फक्त त्याआधी एकदा घमेल्यात खुर्ची बुडवून बघावी.