उलटा पीळ

"हिच्या हातात सुई देऊ नका. डावरी आहे ती. हिला मणी निवडू दे."

जाऊबाई हे बोलल्या ते शिकायला आलेल्या सगळ्या बायकांसमोर. बायका हसल्या. मीही हसले, कारण हातात चहाचा ट्रे होता आणि ट्रे धरून रडता येत नाही. पण हसता हसता मनात एक गाठ मारून ठेवली. मी मारलेली गाठ सुटत नाही.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे जाऊबाईंचा मण्यांच्या दागिन्यांचा वर्ग. मधे लांब टेबल, त्यावर मखमलीचं कापड, म्हणजे मणी घरंगळत नाहीत. भिंतीला माणसाएवढा आरसा, गिऱ्हाइकाने गळ्यात घालून बघायला. जाऊबाई त्या आरशाकडे तोंड करून बसायच्या. स्वतःला बघत काम केलं नाही तर त्यांचा टाका पडत नसे. मी त्यांच्या पाठीमागे स्टुलावर, मांडीत ताट. जाडे मणी वेगळे, चपटे वेगळे, भोक बुजलेले फेकून द्यायचे. मला शिकवा म्हटलं की म्हणायच्या, उलट्या हाताला शिकवायला बसलं तर शिकवणारीचंच डोकं उलटं होतं.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. आरशात त्यांची सुई डाव्या हातात असायची.

त्या शिकवायच्या बायकांना आणि शिकत होते मी. आधी सपाट वीण, मग विटा रचल्यासारखा टाका, मग जाळी. दुपारी खोली रिकामी झाली की टाकाऊ मण्यांवर हात बसवायचे. सुई चुकून आधीच्या धाग्यातच घुसली की संपलं, मग उसवता येत नाही. चिमट्याने मणी फोडा, नाहीतर सगळं कापा. मी दातओठ खात कापलं, पुन्हा ओवलं, पुन्हा कापलं. शेवटी गोफ हाताला आला. मधे एका रंगाच्या मण्यांचा कणा, भोवती दुसऱ्या रंगाचे वेढे, गोल जिन्यासारखे चढत जाणारे. प्रत्येक नवा वेढा एकाच बाजूला सारत गेलं की पीळ पडतो.

पहिला गोफ उशीखाली ठेवला. थोड्याच दिवसांत तो जाऊबाईंच्या गळ्यात दिसला. काल सहज बसले आणि केला, असं त्या बायकांना सांगत होत्या. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. निदान डोळा चुकवला असता, तरी चोरी केल्याचं कळतंय एवढं तरी समजलं असतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, घरातच आहे ना, गळा कोणाचा का असेना. मी म्हटलं, "मग उद्यापासून तुमचं ताट तुमच्या थोरल्या दादांपुढे वाढते. पोट घरातच आहे ना?" त्याने कूस बदलली. गप्प बसण्यात आमचं घराणं तरबेज.

तेव्हापासून मी मागच्या खोलीत गोफ विणायचा आणि पुढच्या खोलीत तो जाऊबाईंचा व्हायचा. हमरस्त्यावरच्या दागिन्यांच्या दुकानाची मालकीण ते न्यायला यायची. बोलायला तिखट, नजरेला त्याहून. ती एकदा म्हणाली, गोफ खूप बघितलेत, पण तुमच्या पिळात काहीतरी वेगळं आहे, काय ते सांगता येत नाही. जाऊबाई म्हणाल्या, हातगुण.

मला सांगता येत होतं. त्यांचा जुना गोफ आणि माझा गोफ मी शेजारी ठेवून बघितला होता. त्या नवा वेढा डावीकडे सारतात, मी उजवीकडे. त्यांचा जिना एका अंगाने चढतो, माझा दुसऱ्या. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

मग मालकिणीने दुकानातला एक कोपरा देऊ केला. काम तिथे बसून करायचं, तिथेच शिकवायचं आणि वर पाटीवर नाव कारागिराचं. त्याआधी दर्शनी काचेत टांगायला कमरेपर्यंत लांब गोफ हवा. जाऊबाईंचे पाय जमिनीला लागेनात. गोफ अर्थात मीच विणत होते. चहा देताना मी मालकिणीला सहज म्हटलं, "शेवटचा वीतभर तुमच्यासमोर करायला सांगा. जाऊबाईंचे हात चालताना बघण्यासारखे असतात."

जाऊबाईंनी मान डोलावली. कौतुकात काळंबेरं असू शकतं हे त्यांना माहीतच नव्हतं.

ठरल्या दिवशी त्यांनी सगळ्या शिकणाऱ्या बायकांना बोलावलं. मालकीण समोर बसली. जाऊबाईंनी सुई घेतली आणि झरझर बोटभर विणलं. हात चांगलाच होता त्यांचा, खोटं कशाला बोलू.

चष्मेवाली एक पोरगी वाकून म्हणाली, "बाई, हा उलटा चढतोय का?"

जाऊबाईंनी बघितलं. उसवलं. पुन्हा विणलं. पुन्हा तेच. जिना वर चढता चढता मधेच मागे फिरल्यासारखा. घाईत सुई धाग्यात घुसली, आता उसवणंही गेलं. धागाच खराब आलाय म्हणाल्या. वेढा दुसऱ्या बाजूला सारावा, एवढंच सुचायला हवं होतं. पण हात सवयीने चालत होता आणि डोळे आरशात, कोण कोण बघतंय ते शोधत होते.

मी ट्रे खाली ठेवला. हात पुसले. त्यांचं बोटभर तसंच राहू दिलं, दुसऱ्या टोकाला नवा धागा जोडला आणि सुई डाव्या हातात घेतली. माझा पीळ त्या टोकाकडूनही तसाच पुढे निघाला.

मालकीण गोफाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होती. "हे काम कोणाचं?" तिने जाऊबाईंना विचारलं.

"घरचंच आहे," जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही दोघी मिळून करतो."

मी त्यांचं टोक उचलून मालकिणीसमोर धरलं. "दोघी मिळून केलं की असं दिसतं."

या वेळी कोणी हसलं नाही. मला हसायला हवं होतं सगळ्यांनी. तेवढी उधारी राहिली.

पाटीवर आता माझं नाव आहे. बायकाही हळूहळू दुकानात यायला लागल्या, सगळ्यांना तोच पीळ हवा. पुढची खोली ओस पडली. सासूबाई म्हणाल्या, "धाकटे, सुंभ जळालं तरी तुझा पीळ जाईना. मोठी आहे ती. शिकव तिला."

पाठवा म्हटलं.

जाऊबाई दुकानात आल्या. मी माझ्या पाठीमागे स्टूल ठेवलं आणि त्यांच्या मांडीत ताट दिलं. "आधी मणी निवडा."

त्या बसल्या, मणी निवडायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांची बोटं थांबली. मान न वळवता मला कळलं, त्या समोरच्या, दुकानातल्या मोठ्या आरशात बघत होत्या. त्यात माझी सुई उजव्या हातात होती.

मी उठले, टेबलावरचं मखमलीचं कापड झटकलं आणि आरशावर टाकलं. गिऱ्हाइकांसाठी मी हातातला छोटा आरसा आणून ठेवलाय.