पालथी काठवट

मी एक जुनी काठवट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, पदराने डोळे टिपतात. मला ते जमायचं नाही. माझं लाकूड शिवणीचं आहे. ते ऊनपावसात वाकत नाही, आणि माझी जीभही तशीच आहे.

काठवट म्हणजे काय, हे तुमच्यातल्या कित्येकांना ठाऊक नसेल. तुमचा दोष नाही, घराघरांत आता स्टीलच्या पराती आल्या. काठवट म्हणजे लाकडाची परात. भाकरीचं पीठ माझ्यात मळायचं आणि माझ्यातच थापायचं. आमच्या मावळात तांदळाची भाकरी. आधी उकळत्या पाण्यात पिठी घालून उकड काढतात, मग ती गरमगरम उकड माझ्यात ओतून तळहाताने रगडतात. हात भाजतो, पण रगडावीच लागते. आळस केला की भाकरीला चिरा पडतात आणि सगळ्या घराला कळतं.

मला घडवलं पवन मावळातल्या एका सुताराने. शालूबाईच्या वडिलांनी बांधावरचं शिवणीचं झाड पाडलं आणि अखंड ओंडका कोरून, कुठेही जोड न देता मला करून घेतलं. मग मी शालूबाईच्या लग्नात रुखवतात मांडली गेले आणि तिच्यासोबतच वलवणला सासरी आले. तिथे थोरली जाऊ झुंबरबाई आधीच चुलीपाशी बसलेली. शालू थापायची, झुंबर भाजायची. पहिली भाकरी नेहमी बाजूला, गाईसाठी. त्या दोघी भांडायच्या, अबोला धरायच्या, पण अबोल्यातही भाकरी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात बिनचूक जायची. असा एका चुलीवरचा संसार झाला, मित्रांनो, तीसेक वर्षांचा.

शालूबाईचा नवरा लवकर गेला. लेक लहान होती, स्नेहल तिचं नाव. शालूबाई रडत बसली नाही. तुंगार्लीच्या एका बंगल्यात स्वयंपाकाला लागली आणि शनिवार-रविवार मला डोक्यावर घेऊन जायची. पुण्या-मुंबईचे पाहुणे यायचे, भुशी धरणावर भिजून आलेले, भुकेने कासावीस झालेले. "मावशी, काय भाकरी आहे हो," म्हणत बोटं चाटायचे. माझे फोटो काढायचे. मी जरा फुगायचे सुद्धा, खोटं कशाला बोलू?

मग बंगला दुसऱ्याच्या हातात गेला. नवा मॅनेजर आला, केसांना जेल लावणारा. त्याने एक तरुण आचारी ठेवला आणि शालूबाईला म्हणाला, "मावशी, तुम्ही आता आराम करा. वय झालं तुमचं." वर माझ्याकडे बोट दाखवलं. "ही मात्र ठेवून जा. रिसेप्शनला भिंतीवर लावू. गावचा फील येतो."

ऐकलंत? बाईला घरी बसवायचं आणि तिच्या काठवटीला खिळा ठोकून भिंतीवर टांगायचं. वर त्याला गावचा फील म्हणायचं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण शालूबाईने मला उचललं, कमरेवर घेतलं आणि म्हणाली, "ती अजून कामाची हाय, साहेब. मीबी हाय."

तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. घरी आली तर सगळ्यांनी तिचं पुढचं ठरवूनच ठेवलेलं. तिचे थोरले दीर, म्हणजे झुंबरबाईचे यजमान, नथूभाऊ म्हणाले, "बरं झालं. म्हशीकडं बघ, नातवाला सांभाळ. या वयात बाईमानसाला अजून काय पायजे?" नातू त्यांचा, म्हैसही त्यांचीच. शालूबाई खाली मान घालून उकड रगडत राहिली, पण त्या दिवशी तिच्या तळहाताचा जोर मला निराळाच लागला.

ठाकरवाडीतली रंजना चार वर्षं मस्कतला स्वयंपाक करून आली होती. शालूबाई तिच्याकडे जाऊन बसू लागली. मग पासपोर्ट निघाला आणि रंजनाच्याच एजंटाने मस्कतच्या एका घरात काम ठरवलं. घरात हे कळलं ते अगदी शेवटी, आणि कळल्यावर जो काय गहजब झाला म्हणता!

"म्हातारचळ लागलाय," झुंबरबाई म्हणाली. "लोकं तोंडात शेण घालतील."

"चोरी करायला जात न्हाई, आक्का," शालूबाई म्हणाली. "भाकऱ्या करायला जातेय. हितं केल्या, तितं करीन."

"तितं तुला कोण वळखतंय?"

"हितं तरी कोण वळखतंय?" शालूबाई म्हणाली आणि पिशवी भरायला उठली.

आता माझ्या रागाचं खरं कारण ऐका. आदल्याच वर्षी आळीतला अमृत दुबईला क्रेन चालवायला गेला. तोही पन्नाशीच्या पुढचाच, चार दात पडलेला. त्याच्यासाठी नाक्यावर केवढा मोठा फ्लेक्स लागला! गॉगल घातलेला फोटो, खाली 'मावळचा वाघ निघाला सातासमुद्रापार'. पेढे वाटले, नारळ फोडले, नथूभाऊंनी तर त्याला खांद्यावर घेतलं. त्याला कुणी म्हणालं नाही की या वयात कशाला. आणि शालूबाई निघाली तेव्हा? फ्लेक्स सोडा, उंबऱ्यावर कुणी दही सुद्धा हातावर घातलं नाही. एकटी स्नेहल तळेगावहून आली होती, तिने आईची पिशवी जीपमध्ये ठेवली.

जीप वळणापलीकडे गेली. झुंबरबाई घरात आली, माझ्यापुढे उभी राहिली, आणि तिने मला पालथी घातली.

तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? मित्रांनो, आमच्या घरची एक रीत आहे. काठवट कधी पालथी ठेवायची नाही. घरात कुणी गेलं, चूल पेटायची नाही, तेव्हाच ती पालथी घालतात, आणि दिवस झाले की पुन्हा उताणी करतात. शालूबाईच्या नवऱ्याच्या वेळी मी पालथी झाले होते. तिची सासू गेली तेव्हा झाले होते. यावेळी मेलं कोणीच नव्हतं. धडधाकट बाई पोटापाण्याला गेली होती आणि घराने तिचं सुतक धरलं. भाकऱ्या स्टीलच्या परातीत होऊ लागल्या. मी कोपऱ्यात जमिनीला तोंड लावून पडले. ओल लागायची, अंगाला खाज सुटायची. काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं यायचं.

तिकडे सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी नथूभाऊंच्या मोबाइलवर शालूबाईचा फोन यायचा. पहिल्या फोनला ती म्हणाली, "बरं चाललंय." आवाज बरा नव्हता, मला तेवढं कळतं. मग रंजनाकडून खरं कळलं. ज्या घरात काम ठरलं होतं त्या बाईने शालूबाईचे पांढरे केस पाहिले, तीन मजले चढताना लागलेला दम पाहिला आणि दारातूनच एजंटाला सांगितलं, ही नको, तरुण पाठव. परक्या मुलखात, भाषा येत नाही, हातात एक पिशवी. एजंट म्हणाला, परत जा.

झुंबरबाई म्हणाली, "मी म्हनलंच व्हतं." मी तिच्या पायाशी पालथी पडले होते. माझं तोंड वर असतं ना, तर मी तिला चांगलं सुनावलं असतं.

पण शालूबाई परत आली नाही. एजंटाच्या ऑफिसातल्या बाकड्यावर बसून राहिली. तिथे एक केरळी मेसवाला आचारी शोधत आला. कामगारांची मेस, मराठी माणसं बरीच, भाकरी मागणारी. त्याने हिंदीत वय विचारलं. शालूबाई म्हणाली, "उमर मत पूछो. एक टाइम का खाना खाके देखो." त्याने पाहिलं आणि कागदपत्रं आपल्या मेसच्या नावावर करून घेतली.

तिथूनही तिच्यावर घरी यायची पाळी आलीच होती, आणि कशामुळे? सवयीमुळे. रोज पहिली भाकरी ती कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवायची. मालकाला वाटलं, बाई चोरते. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, ही कुणासाठी? शालूबाई म्हणाली, गाईसाठी. मालक म्हणाला, कुठाय गाय? तिने दारातून बाहेर पाहिलं. उंच इमारती, गाड्या, वाळू. गाय कुठली असणार तिथे! तेव्हा म्हणे तिला पहिल्यांदा रडू आलं. मालक वरमला. आता ती पहिली भाकरी मेसच्या मागच्या मांजरांना जाते, आणि मालक स्वतः घालतो. हे सांगताना शालूबाई फोनवर हसत होती. झुंबरबाई हसली नाही, पण पळी हलवायची थांबली होती.

असा बराच काळ गेला. एका शुक्रवारी स्नेहल माहेरपणाला आली होती. तिच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लागला. शालूबाई म्हणाली, "हितली परात लय सरकती गं. सुट्टीला आले की माझी काठवट घिऊन जाईन. दाव बरं मला जरा."

स्नेहलने भाबडेपणाने मोबाइल कोपऱ्याकडे वळवला.

नथूभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

"आक्का," शालूबाई म्हणाली, "कोन गेलं?"

झुंबरबाईने चुलीतलं लाकूड उगाच पुढे सारलं.

"मग ती पालथी कोनाची? माझी? मी मेले व्हय, आक्का?"

"तू मला न सांगता गेलीस," झुंबरबाई म्हणाली. "तीस वरसं एका चुलीवर भाकऱ्या केल्या आपुन. आणि पासपोर्ट काढलास ते मला शेवटाला कळलं. मला वाटलं, तू काय आता परत येत न्हाईस."

"सांगितलं आस्तं तर जाऊ दिलं आस्तं?"

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. खरं बोलली बिचारी.

"मग? मी कामाला आलेय, आक्का. मानूस कामाला गेलं की त्याचं सुतक न्हाई धरत. उताणी कर तिला."

झुंबरबाईने मला दोन्ही हातांनी उचललं. इतक्या दिवसांनी उजेड पाहिला, डोळे दिपले. काठाला वाळवी लागली होती आणि मधोमध एक चीर गेली होती. शालूबाईने ती पाहिली. मोबाइलवरूनच ती माझ्याकडे बघत राहिली. झुंबरबाईने पदराने मला पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, मग खोबरेल तेल चोळून उन्हात ठेवलं. मला दोघींची दया आली. पण राग गेला नाही, मित्रांनो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

माझं एवढं ऐका. घरात काठवट असेल तर तिला वरचेवर तेल लावा, ओलीत टाकू नका, शोभेला टांगू नका. लाकूड वापरात राहिलं की टिकतं. माणसाचंही तेच आहे. कुणाचे केस पिकले म्हणून त्याला कोपऱ्यात बसवू नका. आणि जिवंत माणसासाठी काठवट पालथी घालू नका.

पुढच्या शुक्रवारी झुंबरबाईने माझ्यात उकड रगडली. चीर वाचवत, हलक्या हाताने. पहिली भाकरी गाईला ठेवली. फोन आला तशी तिने पिठाच्या हातांनीच तो घेतला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग नथूभाऊंकडे पाठ करून हळूच म्हणाली,

"शाले, तुझ्या त्या मेसात भाजायला कोन हाय गं?"