गुरुवारची पानं

मी एक जुनी वही आहे, दोनशे पानी, आडव्या रेघांची. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम हुबळीतल्या एका डायलिसिस केंद्राच्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात आहे. माझ्यावर जुन्या चादरी आहेत आणि चादरींवर एक बिघडलेला वजनकाटा. परवा कुणीतरी माझ्या मागच्या पुठ्ठ्याचा कोपरा फाडून त्यावर रिक्षावाल्याचा नंबर लिहून घेतला. मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हटलं तर ती थाप होईल, आणि थापांशी माझा चांगलाच परिचय आहे. त्याचीच गोष्ट सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. समज आली तेव्हा मी धारवाडच्या सुभाष रोडवर एका दुकानात, माझ्यासारख्याच अकरा बहिणींबरोबर सुतळीनं बांधलेली होते. या केंद्रातल्या नर्स राणी सिस्टरनं मला तिच्या मुलीसाठी, सुकन्यासाठी विकत घेतलं. सुकन्यानं माझ्या पहिल्या काही पानांवर कानडी शुद्धलेखन गिरवलं आणि मग तिला मुखपृष्ठावर मांजर असलेली वही हवीशी झाली. मांजरापुढे माझा काय पाड लागणार? सिस्टरनं मला पिशवीत घातलं आणि आपल्या कामाच्या जागी आणलं.

त्या केंद्रात ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत अशी माणसं येतात. यंत्र त्यांचं रक्त स्वच्छ करतं आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढून टाकतं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. निम्मे लोक सोमवार, बुधवार, शुक्रवारी येतात, उरलेले मंगळवार, गुरुवार, शनिवारी. एका हातात सुया टोचलेल्या असताना चार तास पडून माणूस करणार काय? भिंतीवर टीव्ही होता आणि त्यावर सकाळी अकरा वाजता ‘पाचवी किल्ली’ ही मराठी मालिका लागत असे. सोमवार ते शनिवार, रोज.

थंड हवेच्या ठिकाणी एक लॉज. मालक बंद खोलीत मरून पडलेला. खोलीच्या चार किल्ल्या सापडतात, पाचवी सापडत नाही. संशयित पुष्कळ, आणि शेंगदाणे खात फिरणारा एक इन्स्पेक्टर. पहिलं पर्व म्हणे बरं होतं. माझ्या वाट्याला आलं ते दुसरं.

हुबळीतल्याच केशवापूरच्या रंगूबाईंना या मालिकेनं वेड लावलं होतं. त्या सोमवारवाल्यांपैकी. मुलींच्या एका वसतिगृहात तीस वर्षं आया म्हणून काम करून निवृत्त झालेल्या. घरच्या केबलवर मराठी वाहिनी नव्हती, मुलगा यशपाल आपला फोन कामावर घेऊन जाई, त्यामुळे त्यांना एक दिवसाआड मालिका दिसे. मधले भाग हुकले की जीव तळमळे. शेवटी त्यांनी राणी सिस्टरला गळ घातली की, मंगळवारच्या लोकांत मराठी लिहिणारं कुणी असेल तर एवढं काय झालं ते लिहून ठेवायला सांगा. सिस्टरनं मला पुढे केलं, आणि माझं नशीब उघडलं.

मंगळवारी लिहिणारे निघाले विठ्ठलराव, धारवाडचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी टीव्हीच लावत नसत. ते पानाच्या डोक्यावर ‘श्री’ लिहीत, रंगूबाई ‘जयभीम’ लिहीत. विठ्ठलरावांचं अक्षर मोत्याचं, रंगूबाईंचं रेघ सोडून चढावर जाणारं. दोघं एकमेकांना कधीच भेटले नव्हते. पण मंगळवारी काय घडलं ते बुधवारी रंगूबाईंना कळे आणि बुधवारचं गुरुवारी विठ्ठलरावांना. शिवाय खाली प्रत्येकानं आपला संशय लिहायचा. विठ्ठलराव जन्माचे मास्तर. ते लाल शाईनं रंगूबाईंच्या संशयाला गुण देत. ‘तर्क कच्चा. दहापैकी चार.’

त्यांचा स्वतःचा संशय लॉजच्या माळ्यावर होता. सगळ्यांचाच होता. तेव्हा रंगूबाईंनी माझं एक पूर्ण पान भरून लिहिलं की, वसतिगृहात एका मुलीची कानातली हरवली तेव्हा सर्वांत आधी माझी पिशवी उलटी केली होती. पुढे ती साबणाच्या डबीत सापडली. पिशवी भरून द्यायला कुणी आलं नाही. मास्तर, जो झाडलोट करतो, पाणी घालतो, त्याच्यावरच आधी बोट का ठेवता?

विठ्ठलरावांनी ते पान दोनदा वाचलं. गुण दिले नाहीत. त्या दिवसापासून लाल पेन त्यांनी माझ्यासाठी उघडलंच नाही.

त्या दिवसांत माझा काय थाट होता म्हणून सांगू. इतर रुग्णही मला मागून वाचत. सिस्टर म्हणे, औषधाआधी वही मागतात.

पावसाळा सरला आणि विठ्ठलरावांनी एका मंगळवारी लिहिलं की, यापुढे गुरुवारचं डायलिसिस मी धारवाडलाच, घराजवळच्या केंद्रात करून घेणार आहे. तिथंही टीव्ही आहे, तिथंही हीच मालिका लागते. गुरुवारचा भाग शनिवारी इथं येऊन लिहीन. सिस्टरलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. शुक्रवारी माझं गुरुवारचं पान कोरं राहू लागलं आणि सोमवारी रंगूबाईंना ते भरलेलं मिळू लागलं.

आणि ती पानं इतकी सुरेख होती, मित्रांनो. इन्स्पेक्टर माळ्याला शेजारी बसवून चहा पाजतो. माळी सांगतो की मालकांनी मरायच्या आदल्या दिवशी माझ्याकडून गुलाबाचं कलम मागून घेतलं, मरायला निघालेला माणूस कलम मागेल काय? इन्स्पेक्टर शेंगदाण्यांची पुडी त्याच्यापुढे धरतो. रंगूबाईंना अशा एका पानाशी हुंदका आवरेना, सिस्टरला येऊन रक्तदाब बघावा लागला.

पण रंगूबाईंनी तीस वर्षं दोनशे मुलींच्या सबबी ऐकल्या होत्या. मालिका सुरू होताना आदल्या दिवशीचा सारांश दाखवतात. गुरुवारचा सारांश शुक्रवारी लागतो, आणि शुक्रवारी टीव्हीसमोर असत त्या रंगूबाई. विठ्ठलराव शनिवारी येत, तेव्हा शुक्रवारचा सारांश लागलेला असे. एका शुक्रवारी सारांशात माळ्याला कोठडीत पट्ट्यानं मारत होते. सोमवारी माझ्या पानावर तोच माळी चहा पीत होता.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, मास्तरांना डुलकी लागली असेल. दुसऱ्यांदाही तसंच घडलं. मग त्यांनी मला उलट दिशेनं चाळलं. मंगळवार बरोबर, शनिवार बरोबर, फक्त गुरुवार चुकीचा, आणि चुकीचा असूनही शुक्रवारच्या भागाला शिवण जुळवून बसवलेला. म्हणजे मास्तर शनिवारी आधी रंगूबाईंचा शुक्रवार वाचत आणि मग त्याला बेतून गुरुवार लिहीत. त्याच सोमवारी राणी सिस्टर कुरकुरत होती की, धारवाडवाले मास्तरांच्या अंगातलं पाणी नीट काढत नाहीत वाटतं, शनिवारी वजन पाच किलो जास्त भरतं, पाय सुजतात, धाप लागते. रंगूबाईंच्या हातातून मी पोटावर पडले. धारवाडात टीव्ही नव्हता, आणि डायलिसिसही नव्हतं.

मास्तरांना गुरुवार लिहितानाच गाठायचं त्यांनी ठरवलं. शनिवारी, आपली पाळी नसताना, केंद्रात आल्या. विठ्ठलराव खाटेवर होते, डाव्या हाताला सुया, पोटावर मी. नेमके गुरुवार लिहीत होते. रंगूबाईंनी आपलं नाव सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. स्टूल ओढून घ्या, चहा घ्याल का, पर्व कंटाळवाणं होत चाललंय, असं बरंच बोलले.

“गुरुवार लिहिताय काय?” रंगूबाईंनी विचारलं.

“हो. होतच आलाय.”

“धारवाडच्या टीव्हीत माळ्याला चहा पाजतात आणि हुबळीच्या टीव्हीत पट्ट्यानं मारतात. मालिका एकच. असं कसं वो मास्तर?”

पेन माझ्यावर टेकलेलंच राहिलं. शाईचा एक मोठा ठिपका पडला, तो अजून माझ्या अंगावर आहे. मग त्यांनी टोपण लावलं.

“हेमावतीला एकटं सोडता येत नाही,” ते म्हणाले.

हेमावती त्यांची पत्नी. तिची स्मरणशक्ती जात चालली होती. घरात एकटी राहिली की दार उघडून निघायची. टीव्हीतल्या आवाजांनी घाबरायची. मंगळवारी आणि शनिवारी शेजारच्या बाई बसत, गुरुवारी बसणाऱ्या दुसऱ्या बाई मुलीच्या बाळंतपणाला गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. वार बदलायला केंद्रात दुसऱ्या पाळीत जागा नव्हती. मुलगा श्रीनिधी बेंगळूरला. त्याला कळलं तर तो दोघांनाही उचलून नेईल, आणि हेमावतीला आता फक्त तेच घर ओळखीचं होतं. म्हणून आठवड्यातला एक दिवस त्यांनी स्वतःच्या रक्तातून कापून तिला दिला होता. पाच गुरुवार झाले होते.

“आणि तुम्ही गेलात म्हणजे?” रंगूबाई म्हणाल्या. “मग त्यांच्याजवळ कोण बसणार?”

आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारलेला माणूस छताकडे बघत राहिला.

“गुरुवार माझा मोकळाच असतो. मी येते. खरं एक आधी सांगा. तुमच्या घरात, चुलीपाशी मी वावरलेलं चालतंय काय?”

“हे तुम्हाला विचारावं लागतंय याची मला लाज वाटते,” विठ्ठलराव म्हणाले. “या तुम्ही.”

मग त्यांनी मला पुन्हा उघडलं आणि अर्धा लिहिलेला गुरुवार आडव्या रेघेनं खोडला. खाली लिहिलं, ‘गैरहजर.’ मागे जाऊन उरलेल्या चार गुरुवारांखालीही तोच शेरा मारला. राणी सिस्टरला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं आणि ते शाळकरी मुलासारखे मान खाली घालून ऐकत राहिले.

पुढचे गुरुवार मी रंगूबाईंच्या अक्षरात वाचले आहेत. यशपालनं आधी डोळे वटारले, स्वतःला धड उभं राहवत नाही आणि निघाल्या धारवाडला, म्हणाला. मग तोच त्यांना बसथांब्यावर सोडू लागला. वाटेतलं अमरगोळ मागे पडलं की त्यांना झोप लागे आणि धारवाड आल्यावर कंडक्टर त्यांना “अक्का, इळीरी”, म्हणजे ताई, उतरा, म्हणून उठवी. हेमावतीताई पहिल्या दिवशी त्यांना पाहून रडल्या, दुसऱ्या गुरुवारी माहेरची कुणी समजून बिलगल्या. टीव्ही लावायचा नव्हता, म्हणून रंगूबाई त्यांना ‘पाचवी किल्ली’ तोंडी सांगत. दर गुरुवारी पहिल्यापासून, कारण ऐकणारीला ती दर वेळी नवीच. फक्त माळी तेवढा हेमावतीताईंच्या लक्षात राहू लागला. त्याला सोडलं का, असं त्या विचारत. का राहिला कुणास ठाऊक.

विठ्ठलरावांचे पाय उतरले. सोबत गुरुवारची पानंही रुक्ष झाली, कारण आता ती खरी होती.

मालिकेचा शेवटचा भाग गुरुवारीच आला. भाग संपल्यावर विठ्ठलरावांनी माझं शेवटचं कोरं पान उघडलं आणि लिहिलं: ‘श्री. खुनी मालकाचा मेहुणा. हा मेहुणा कालपर्यंत मालिकेत नव्हता. पाचवी किल्ली त्याच्याच खिशात. प्रेक्षकांची शुद्ध फसवणूक. माळ्याला सोडलं, पण त्याची माफी कुणी मागितली नाही. दहापैकी दोन.’

शुक्रवारी रंगूबाईंनी ते वाचलं. मग उरलेल्या जागेत, रेघा सोडून चढावर जात, त्यांनी लिहिलं:

‘जयभीम. शेवट भिकार आहे. काल हेमावतीताईंनी विचारलं, माळ्याचं काय झालं. मला कुठं ठाऊक? मी सांगितलं, साहेबांनी त्याच्या घरी जाऊन हात जोडून माफी मागितली. त्या म्हणाल्या, बरं झालं. मास्तर, आता गुरुवारची थाप माझ्याकडे. तुम्ही फक्त हजर राहा.’

त्यानंतर माझ्यात जागा उरली नाही आणि मी कपाटात आले. तिसऱ्या पर्वासाठी नवी वही आली आहे, म्हणतात तिच्यातही दोन्ही अक्षरं आहेत.

मित्रांनो, आता माझी एक विनंती. ती माझ्यासाठी नाही, मी कागद आहे, माझं काय व्हायचं ते होईल. पण तुमच्या ओळखीचं कुणी आजारी माणूस आपलं सगळं कसं छान चाललंय ते फार छान सांगू लागलं, तर नुसतं ऐकून घेऊ नका. एकदा त्याच्या घरी जाऊन या. बसला वेळ लागतो, तरी जाऊन या.