वनमालाचं जाकीट

कंपनीच्या गेटबाहेरचा तो माणूस आपल्यासाठी थांबलाय, हे वनमालाच्या ध्यानातच आलं नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत ती औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची. कंपनी सुटली की गेटवर कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ उभा असायचाच. हाही तसाच वाटला. पांढरा हाफशर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. तो पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार ताई. सुलक्षणा नववीत ना यंदा? हुशार आहे म्हणतात पोरगी. जपा हां तिला."

एवढं बोलून तो रस्ता ओलांडून निघूनही गेला.

"कोण गं तो?" बरोबरच्या जानकीने विचारलं. सुलक्षणा ही वनमालाची लेक. त्या माणसाला मात्र तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी, शहाऐंशी साली, होळीच्या आठवड्यात जोगेश्वरीला तिच्या चाळीजवळ खंडूचा खून झाला होता. खंडू म्हणजे समोरच्या खोलीतल्या अंबादासचा धाकटा भाऊ. चाळीची जागा बळकावायला बघणाऱ्यांच्या विरोधात तो सभेत उभा राहून बोलला होता. संध्याकाळी तबेल्याच्या भिंतीशी दोघांनी त्याला गाठलं. वनमाला कामावरून परत येत होती. वार करणाऱ्याचं तोंड तिला स्वच्छ दिसलं. तो पलीकडच्या गल्लीतला चंद्रप्रकाश होता. दुसरा पाठमोरा होता. बाकी खिडक्या पटापट बंद झाल्या. पोलीस आले तेव्हा एकटी वनमाला बोलली. जे पाहिलं ते सांगितलं आणि खाली सही केली. चंद्रप्रकाश आणि त्याचा साथीदार म्हणून आणखी एक जण पकडला गेला, आणि आता केस कोर्टात उभी राहणार होती.

गेटवरच्या माणसाचं ऐकून सहदेव, तिचा नवरा, मटकन खाटेवर बसला. गिरणी सुटल्यापासून तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायचा.

"जबानी फिरव गो," तो म्हणाला. "काळोख होता, नीट दिसलं नाही, म्हणून सांग. संपला विषय."

"आणि समोरच्या दारात उभं राहून सुंदराबाईंना काय सांगू? तुमच्या दिराला कुणी मारलं ते मी विसरले?"

"तू मेलीस तर मी कोणाला काय सांगू?"

पोलीस चौकीवर तक्रार लिहून घेतली. साहेब म्हणाले, गणपतीचा बंदोबस्त आहे, माणूस मोकळा झाला की पाठवतो. माणूस काही आला नाही. सुलक्षणाला त्यांनी मुलुंडला, वनमालाच्या भावाकडे नेऊन ठेवलं. लेक गेल्यावर खोली एवढीशी असूनही रिकामी वाटायला लागली. गॅलरीत पावलं वाजली की दोघं बोलता बोलता थांबायची.

सहदेवने मग एकच ध्यास घेतला. वार झालाच तर तो अंगात जाता कामा नये.

पहिल्यांदा त्याने वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवला. एक तुकडा छातीला, एक पाठीला, खांद्यावर पट्ट्या. वनमालाने ते घातलं आणि तिला खाली बसताच येईना. हात वर केला की काखेत कड रुतायची, चाललं की खडखड आवाज.

"पिंपात घातल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "आणि हे वाजतंय बघा. आले आले म्हणून सगळ्यांना कळेल."

मग तो मुसाफिरखान्यात गेला. तिथे परदेशी माल मिळायचा. एका दुकानदाराने आतून हिरवं, जाडजूड लष्करी जाकीट काढून दाखवलं. एकदम इम्पोर्टेड, गोळी आत जात नाही, असं तो म्हणत होता. सहदेवने खिशातून दाभण काढली आणि जाकिटाच्या कडेला टेकवून जोर लावला. दाभण धागे बाजूला सारत सरळ आरपार गेली.

"ए भाई, क्या करता है!" दुकानदार ओरडला.

"चाकू लगा तो?"

"ये बम के टुकडे के लिए है. चाकू का गॅरंटी नहीं."

त्यांच्या गल्लीत बॉम्ब कोण टाकणार होतं? त्यांना भीती होती ती सुऱ्याची, चॉपरची.

शेवटी चामडं मिळालं. मधुकर म्हणून गिरणीतला जुना सोबती होता, त्याच्याकडे मशीन फिरवायच्या पट्ट्याचा एक लांब तुकडा पडून होता. बोटभर जाड, तेल पिऊन काळा पडलेला. सहदेवने तो घरी आणला, तांदळाच्या पोत्याला गुंडाळला आणि पोतं भिंतीला उभं केलं. मग मासे कापायचा सुरा घेऊन त्याने सगळ्या ताकदीनिशी वार केला. एक, मग दुसरा, मग खालून वर.

वनमाला स्टोव्हजवळ बसून बघत होती. भिंतीला उभं ते पोतं तिच्या खांद्याएवढं होतं. नवऱ्याचे दात आवळलेले होते. तिने तोंड फिरवलं.

"इथे टोक गेलं बघ. नखभर," सहदेव म्हणाला. "छातीवर दोन थर लावू."

"बस करा आता," ती म्हणाली. "जे काय शिवायचं ते शिवा. मला दाखवू नका."

चांभाराने कॅनव्हासमध्ये घालून ते शिवलं आणि बगलेत बक्कल लावले. ब्लाउजवर घालून वर पदर घट्ट लपेटला की फार दिसत नसे. थोडी जाड दिसायची, एवढंच. पण श्वास पोटातून घ्यावा लागे, आणि मान वळवून मागे बघणं जमत नसे. बघायचं तर सगळं अंग फिरवावं लागे.

फोनची पंचाईत वेगळीच होती. चाळीत फोन नव्हता. वाण्याकडे होता, तो बहुधा बंद. गुणाजी, सहदेवचा चुलतभाऊ, बोटीवर खलाशी होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने वायरलेसच्या दोन जोड्या पुढ्यात ठेवल्या. एका जोडीचे सेट विटेएवढे, लांब एरियलचे. दुसऱ्या जोडीचे साबणाच्या डबीपेक्षा थोडे मोठे.

"हा मोठा पार अंधेरीपर्यंत ऐकू येईल," गुणाजी म्हणाला. "पण लायसन लागता. पोलिसांनी बघितला तर तूच आत जाशील."

"आणि लहानाला?"

"लायसन ह्याकाय लागताच. पण ह्यो पिशवीत लपता."

त्यांनी लहान जोडी घेतली. सहदेव गॅलरीत उभा राहिला आणि वनमाला सेट पिशवीत घालून चालत गेली. तबेल्याच्या भिंतीपर्यंत त्याचा आवाज येत होता. भिंतीपलीकडे नुसती खरखर. पण त्यांना धास्ती होती ती भिंतीपासून घरापर्यंतच्या वाटेचीच, तेव्हा तेवढं पुरे होतं.

"बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं," गुणाजीने तिला पुन्हा पुन्हा बजावलं. "दाबून धरलंस तर पलीकडच्याचा काहीच तुका ऐकू येवचा नाय."

दिवाळी होऊन गेली. संध्याकाळी लवकर काळोख पडू लागला. वनमाला रोज तबेल्याशी आली की बटण दाबून "आले" म्हणायची, आणि पिशवीतून सहदेवचा बारीक आवाज यायचा, "ये." तेवढ्यासाठी तो वर्कशॉपमधून लवकर सुटून यायचा. जाकिटाखाली तिच्या अंगावर घामोळं उठलं होतं. रात्री ती पाठीला खोबरेल लावून पालथी झोपायची.

त्या संध्याकाळी दिवे गेलेले होते. ती भिंतीशी आली, बटणाला बोट लावलं, आणि तिला मागे पावलं ऐकू आली.

ती थांबली. पावलंही थांबली. ती निघाली तशी तीही निघाली.

मागे वळून बघायचं तर आख्खं अंग फिरवायला हवं होतं, थांबायला हवं होतं. तिचं धाडस होईना. तिने बटण दाबलं. "अहो, मागे कोणीतरी आहे. माझ्या मागे येतोय."

गॅलरीत सहदेवने ते ऐकलं. "कोण आहे? ओळखीचा आहे का? किती जण आहेत?" तो विचारत राहिला. पण वनमालाचा अंगठा बटणावर जो रुतला तो रुतलाच. तिला त्याचं काही ऐकू येत नव्हतं. त्याला मात्र सगळं ऐकू येत होतं. तिची धाप, चपलांचा फटफट आवाज, आणि मधेच "आई गं" असं एक. त्याने दारामागचा लोखंडी गज उचलला आणि जिना उतरून धावत सुटला.

गल्लीच्या तोंडाशी वनमाला त्याच्या अंगावरच आदळली. तिने नुसता हात मागे केला. एक आकृती भराभर त्यांच्याकडे येत होती. सहदेवने पुढे होऊन गज फिरवला. आकृतीने डोकं वाचवायला हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज वनमालाला स्पष्ट ऐकू आला.

"सहदेव! मी रे! मी!"

अंबादास खाली बसला होता, उजवा हात पोटाशी धरून.

सहदेवच्या हातातला गज गळून पडला. "तू... तू हिच्या मागे कशाला...?"

"रोज येतो," अंबादास कण्हत म्हणाला. "कंपनी सुटली की नाक्यावर थांबतो. वहिनी पुढे गेल्या की मागनं येतो. माझ्या भावासाठी एकटी बाई उभी राहिली. तिला काही झालं तर?"

"मग सांगायचं नाही का रे!"

"तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. तिने केस सोडावी असंच वाटतं ना तुला? समोरच्या दारापर्यंत ऐकू येतं सगळं."

सहदेवने गज पायाने बाजूला सारला. त्याने अंबादासला दुसऱ्या बाजूने धरून उठवलं आणि रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा अंबादास म्हणाला, "जिन्यावरून पडलो." हात दोन जागी मोडला होता. तो प्रेस मशीनवर कामाला होता. प्लास्टर निघेपर्यंत कामाचा प्रश्नच नव्हता, आणि नंतरचंही डॉक्टर नक्की सांगत नव्हते.

सुंदराबाई, अंबादासची बायको, तीन-चार दिवस दाराआडूनही बोलली नाही. सहदेव दाराशी जाऊन उभा राहायचा आणि परत यायचा. मग एका सकाळी तीच गॅलरीत आली. "माझा दीर गेला, नवऱ्याचा हात गेला," ती वनमालाला म्हणाली. "आता तू मागं सरलीस तर मी काय करू, ते सांग." वनमालाला रडू फुटलं. "नाही सरणार," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून सुंदराबाई तिला आणायला गेटपर्यंत जाऊ लागली.

तारीख लागली तेव्हा थंडी सरत आली होती. कोर्टात वनमालाने जाकीट घातलं होतं. चंद्रप्रकाश दहा हातांवर बसला होता. त्याच्या मागच्या बाकावर तेल लावून केस चापलेला तो गेटवरचा माणूस. त्याने तिला पुन्हा हात जोडले.

तिने खंडूबद्दल सगळं सांगितलं. दुसऱ्या आरोपीकडे बोट करायला सांगितलं तेव्हा म्हणाली, "तो पाठमोरा होता. मी त्याचं तोंड पाहिलं नाही."

आरोपीचा वकील उठला. शांत, जाड चष्म्याचा माणूस. "बाई, हे शेजारी अंबादास. यांचा हात कसा मोडला?"

वनमालाने बाकांकडे पाहिलं. अंबादास हळूच मान हलवत होता. जिना, जिना. खोटं बोलावं तर एका खोट्यावरून सगळी साक्ष जाईल, आणि खरं सांगावं तर नवरा तुरुंगात जाईल. चामड्याखाली तिला श्वास पुरत नव्हता.

"माझ्या नवऱ्याने मारलं," ती म्हणाली. "चोर समजून. संध्याकाळी तबेल्यापासून कोणी मागे येतंय म्हणून मी वायरलेसवर बोलावलं."

कोर्टात कुजबुज झाली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"म्हणजे वर्षानुवर्षं समोर राहणारा माणूस तुम्हाला संध्याकाळी, त्याच जागी ओळखू आला नाही," वकील म्हणाला. "आणि चंद्रप्रकाशला मात्र ओळखलंत?"

"त्या दिवशी मी मागे बघितलंच नाही, साहेब. भीतीने. बघितलं असतं तर भाऊजींचा हात शाबूत असता." तिने कठडा घट्ट धरला. "खंडूच्या वेळी मी बघत होते. दिवे होते. शेवटपर्यंत बघत होते."

वकिलाने आणखी बरंच विचारलं. ती तेच तेच सांगत राहिली.

बाहेर आल्यावर व्हरांड्यात इन्स्पेक्टर सहदेवजवळ आले. "ते सेट उद्या ठाण्यावर आणून द्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आणि ह्यांनी तक्रार दिली तर मला तुम्हाला आत घ्यावं लागेल."

"माझी तक्रार नाही," अंबादास म्हणाला.

चंद्रप्रकाशला जन्मठेप झाली. दुसरा सुटला. तो अजून त्याच भागात दिसतो, असं लोक सांगायचे. सुलक्षणाला त्यांनी दहावी होईपर्यंत मुलुंडलाच ठेवलं. अंबादासच्या बोटांत पूर्वीची पकड आली नाही. कंपनीने त्याला प्रेसवरून काढून गेटवर बसवलं. सहदेव रविवारी त्याच्याकडे जाऊन बसायचा.

निकालाच्या संध्याकाळी चाळीत कुणी पेढे वाटले नाहीत. सुंदराबाईने खंडूच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि वनमालाला आत बोलावलं. चहा पुढे आला, वनमालाने कप उचलला. बाहेर गॅलरीतून कुणीतरी चालत येत होतं. वनमालाने कप खाली ठेवला. पावलं दारावरून पुढे गेली, जिना उतरली, आणि मग सुंदराबाईने उठून दाराला कडी घातली.