इतका चांगला रिपोर्ट

नवऱ्याचा रिपोर्ट चांगला आला आणि तिने तो उलटसुलट करून पुन्हा वाचला. लागोपाठ तिसऱ्यांदा चांगला! ज्याला जिना चढताना मध्येच बसावं लागे, त्याचं हिमोग्लोबिन एखाद्या पैलवानाला शोभावं असं. डॉक्टरांनी खूश होऊन औषध थांबवलं. आणि हा पठ्ठ्या मात्र पिवळाधमक, कानाच्या पाळ्या जांभळ्या.

"तुला चांगलं बघवतच नाही," तो म्हणायचा.

आजारच मुलखावेगळा. थंडी लागली की त्याचं रक्त स्वतःच्याच पेशींवर उठायचं. त्या एकमेकींना चिकटायच्या, फुटायच्या. तपासणीची नळीसुद्धा गार होऊन चालत नसे. धाकटा दीर लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामाला होता. तोच घरी येऊन रक्त घ्यायचा आणि नळी थर्मासातल्या कोमट पाण्यातून न्यायचा. त्या वेळी दोघे भाऊ दार लावून घेत. का, तर रक्त बघून तिला चक्कर येईल. जन्मभर कोंबड्या साफ करणाऱ्या बाईला चक्कर!

त्या सकाळी दीर खोलीतून बाहेर आला. बाही खाली ओढताना त्याच्याच कोपराच्या खळगीत चिकटवलेला कापूस तिला दिसला. तिने थर्मासातली नळी काढली आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवली.

"वहिनी! गुठळ्या होतील!"

"होऊ देत की. त्यांचंच रक्त आहे ना? बसा, चहा घ्या."

चहा तसाच राहिला. थोड्या वेळाने तिने नळी काढून उजेडात तिरकी केली. मागे एकदा नळी गार झाली होती, तेव्हा नवऱ्याचं रक्त आत रव्यासारखं चिकटलेलं तिने पाहिलं होतं. हे मात्र सरबतासारखं इकडून तिकडे वाहिलं.

"अभिनंदन, भाऊजी. तुमची तब्येत ठणठणीत आहे."

दीर रडायलाच लागला. "दादाने शपथ घातली. रिपोर्ट वाईट दिसला तर त्याला कामावरून काढतील म्हणाला."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्याहून जास्त ती घाबरली. एवढे महिने सगळ्यांनी रिपोर्ट वाचले होते आणि नवऱ्याचं रक्त कुणी पाहिलंच नव्हतं. वर औषधही बंद.

नवरा चौकट धरून दारात उभा होता. ती त्याच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात त्याने बाही वर सारली.

"मला खरंच बरं वाटत नाहीये गं," तो म्हणाला आणि हात पुढे केला.