दाराबाहेरचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. माझा डावा कान बाकीच्या चेहऱ्यापेक्षा पांढरा दिसतो. अमृत पेंटरांनी तो चिकटवला आणि रंगवायचा राहून गेला. ज्या रविवारी त्यांनी तो चिकटवला, त्याची गोष्ट आधी सांगतो, कारण तसा रविवार त्या घरात पुन्हा आला नाही.

लोणावळ्याला रुळांच्या पलीकडे पेंटरांची दोन खोल्यांची जागा होती. नोव्हेंबरातलं कोवळं ऊन टेबलावर आलं होतं. पेंटर वाटीत मैद्याची खळ ढवळत होते आणि मी त्यांच्यासमोर उताणा पडलो होतो. त्यांची मुलगी सारिका चिंचवडच्या एका वाचनालयात नोकरी करते. सुट्टीला आलेली ती आता बॅग भरत होती.

"सारिका, जरा इकडे ये. नाटकातल्या मुलीचं काम तू कर, मी पाहुणा होतो. यंदा ते काम करणाऱ्या छोट्या प्रतीक्षाला शिकवायचंय, आणि हल्ली माझ्याच लक्षात राहत नाही."

"पप्पा, माझी गाडी आहे."

"दोनच वाक्यं गं."

"इतक्या वर्षांनी पुन्हा तीच दोन वाक्यं. मुलं मोबाईलवर काय काय बघतात, आणि तुम्ही त्यांना कागदाचं तोंड दाखवताय. तुमच्या सैतानाला आता कुणी घाबरत नाही, पप्पा. लोक तुमच्या वयाकडे बघून टाळ्या वाजवतील."

पेंटरांचं बोट माझ्या कानावर थबकलं. मग ते हसले.

"असेल बाई. चुकलं माझं. चल, गाडी जाईल तुझी."

त्यांनी हात पुसले आणि तिची बॅग उचलली. दाराशी त्यांचा आवाज आला, "चकल्या दिल्यात हं. चिक्की नाही दिली. लोणावळ्याच्या माणसाला चिक्की खाताना कुणी पाहिलंय का?"

सारिका हसली नाही. त्या घरातलं त्या दोघांचं मी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

आता माझ्या जन्माकडे वळतो. पेंटर दुकानांच्या पाट्या आणि टेम्पोंची नावं रंगवत. एका वर्षी पाळकसाहेबांनी त्यांना रविवारी भरणाऱ्या शब्बाथ शाळेच्या मुलांसाठी नाताळचं नाटक बसवायला सांगितलं. पेंटरांनी रद्दी भिजवली, तिच्यात मेथीची पूड आणि डिंक कुटला आणि मातीच्या गोळ्यावर थापून मला घडवलं. मी वाळत असताना मनात म्हणत होतो, आपण बहुधा देवदूत होणार.

मुलं बघायला आली आणि म्हणाली, "काका, सैतानाला शिंगं कुठायत?"

"शिंगं दिसली तर लोक आधीच पळतील की रे," पेंटर म्हणाले. "मग त्याचा धंदा कसा चालायचा?"

मला कळलं, मी देवदूत नव्हतो. पेंटरांनी माझ्या ओठांवर हसू काढलं. दारात आलेल्या पाहुण्याचं असतं तसं, गोड आणि थोडं संकोचलेलं. मित्रांनो, माझी भीती वाटत असे ती त्या हसण्यामुळेच.

नाटकाची गोष्ट साधी होती. घाटात धुकं उतरलंय. एक मुलगी बापाची वाट पाहत घरात एकटी आहे. सकाळी तो तिच्यावर उगाच ओरडून गेलाय. दारावर थाप पडते. बाहेरून बापाचाच आवाज येतो, "दार उघड, बाळा. मी आलोय." तो तिला लाडक्या नावाने हाक मारतो. तिच्या आवडीचं गाणं म्हणतो. पवित्र शास्त्रातली वचनंही घडाघडा म्हणून दाखवतो, कारण सैतानाला वचनं पाठ असतात. मुलगी कडीला हात लावते. मग थांबते आणि म्हणते, "पप्पा, सकाळी तुम्ही मला विनाकारण ओरडलात. म्हणा, माझं चुकलं."

तेवढं एक मात्र बापाच्या आवाजात बोलणाऱ्या त्या पाहुण्याला, म्हणजे सैतानाला, जमत नाही. तो हसतो, लाडीगोडी लावतो, मग दरडावतो. त्याचा आवाज फाटतो, घोगरा होतो, दार गदगदा हलतं. मुलगी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करते आणि पाहुणा किंचाळत धुक्यात कोसळतो. पुन्हा थाप पडते. या वेळी बाहेरचा आवाज पहिल्यांदाच म्हणतो, "माझं चुकलं, पोरी." आणि ती दार उघडते.

मी पेंटरांच्या तोंडावर असे. त्यांचा गरम श्वास माझ्या आत कोंडे आणि टर्पेंटाइनचा वास येई. मुलं आयांच्या पदराआड शिरत. टाकवे गावचे निवृत्ती आबा दरवर्षी पुढच्या रांगेत असत. त्यांच्या भाताच्या टेम्पोवर पेंटरांनी नाव घातलं होतं, तेव्हापासूनची ओळख. आबा विठ्ठलाचे माळकरी, पण आमचं नाटक त्यांनी कधी चुकवलं नाही. त्यांना कुणी गप्प बसवतही नसे. "आगं पोरी, उघडू नगं!" ते ओरडत. "त्यो तुजा बाप न्हाई! बाप इतकं ग्वाड बोलतो व्हय कदी?" सारी मंडळी हसे आणि पुढच्याच क्षणी दार हललं की चिडीचूप होई.

नाटकातली पहिली मुलगी झाली होती सारिका. दाराच्या फटीतून मला तिचे डोळे दिसत. तिला सगळं ठाऊक होतं; माझ्यावर रंग चढताना ती शेजारी बसली होती. तरी तिची हनुवटी थरथरायची.

तिची आई ती लहान असतानाच गेली होती. घरात दोघंच. दोघांचं भांडण व्हायचं, जसं कुठल्याही घरात होतं. भात करपला म्हणून, परीक्षेवरून, पुण्याला जाण्यावरून. चूक कुणाचीही असो, थोड्या वेळाने पेंटर चहा ठेवत आणि म्हणत, "चुकलं माझं." नाटकात पाहुण्याला जे प्राण गेला तरी जमत नसे, ते पेंटर घरी सहज करत. सारिकाला ते जमत नसे. ती वाईट मुलगी नव्हती. पप्पा म्हणतातच, मग आपण काय म्हणायचं, असं तिला वाटत असावं. खुंटीवरून मी हे पाहत आलो.

पुढे माझे वाईट दिवस आले. नवे पाळक म्हणाले, "नाताळात सैतान कशाला? गाणी बसवा." मग रोगराईची वर्षं आली आणि गाणीही थांबली. मी पत्र्याच्या ट्रंकेत गेलो. लोणावळ्याची ओल तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या गालांवर बुरशी धरली. किड्यांना दूर ठेवणारा मेथीचा कडूपणा कधीच उडून गेला होता. झुरळांनी माझा कान कुरतडला. अंधारात पडून मला वाटे, वाईटाचा चेहरा झाल्याची ही शिक्षा असेल.

एक दिवस झाकण उघडलं. पेंटर आता वाकले होते, पण डोळे तेच. "चल रे बाबा," ते म्हणाले. "पाळकसाहेब हो म्हणालेत." तिथून पुढे मी तुम्हाला सांगितलेला तो रविवार.

सोमवारी सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. आतून कुणी उघडलं नाही.

मग पुष्कळ पावलं आली. कुणीतरी सारिकाला फोन केला. संध्याकाळी त्या खोलीत मंडळी गीतं म्हणत होती आणि टेबलावर माझ्या कानाची खळ वाळत होती. दफन झालं. माणसं पांगली. सारिका मागे राहिली. ती कपडे घड्या करत होती, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून धूत होती. ती रडताना मला दिसली नाही. दारावर थाप पडली की तेवढी दचकायची.

निवृत्ती आबा तांदळाची पिशवी घेऊन आले. टोपी हातात धरून बसले.

"आता पावना कोन व्हनार?" त्यांनी विचारलं.

"नाटक होणार नाही, आबा."

"का गं बाय? सैतान मेला व्हय?"

सारिकाने पिशवीतले तांदूळ डब्यात ओतले. आबा गेल्यावर तिने मला उचललं, आतून हुंगलं आणि छातीशी धरलं.

नाताळाआधीच्या रविवारी, दिवस कलताना प्रार्थनागृहात नाटक सुरू झालं. पेंटरांनी रंगवलेलं प्लायवूडचं दार मध्ये उभं होतं. दाराच्या आत प्रतीक्षा, बाहेर सारिका, आणि सारिकाच्या तोंडावर मी. तिने लाडकी हाक मारली, गाणं म्हटलं, वचनं म्हटली. आवाज जाड करून ती पेंटरांसारखी बोलत होती, आणि मागच्या रांगेत कुणीतरी डोळ्याला पदर लावला.

"आगं पोरी, उघडू नगं!" आबा ओरडले. या वेळी कुणी हसलं नाही.

प्रतीक्षा म्हणाली, "पप्पा, सकाळी तुम्ही मला विनाकारण ओरडलात. म्हणा, माझं चुकलं."

आता सारिकाने हसायचं होतं. ती हसली नाही. माझा कागद आतून भिजू लागला होता. प्रतीक्षाला वाटलं, ताई वाक्य विसरली. तिने दाराच्या फटीतून हळूच सांगितलं, "ताई, हसायचंय." आणि मग पुन्हा मोठ्याने, "म्हणा, माझं चुकलं!"

"माझं चुकलं," सारिका म्हणाली.

प्रतीक्षा गोंधळून पाळकसाहेबांकडे बघू लागली. एवढ्या वर्षांत माझ्या ओठांतून ते शब्द कधी बाहेर पडले नव्हते. माझं हसू तसंच होतं, रंगवलेलं; पण त्यामागे आता पाहुणा उरला नव्हता.

निवृत्ती आबा काठी टेकत उभे राहिले.

"उघड, पोरी," ते म्हणाले. "ह्यो त्यो न्हवं. त्याला असं म्हनता येत न्हाई."

प्रतीक्षाने कडी काढली. टाचा उंच करून तिने मला सारिकाच्या तोंडावरून अलगद उतरवलं आणि दोन्ही हातांत धरलं. तिथून मला सारिकाचा चेहरा दिसला. हनुवटी तशीच थरथरत होती, लहानपणासारखी.

मित्रांनो, माझा कान खळीने चिकटला. माझी बुरशी पुसली गेली. पुढच्या पावसाळ्यात मला कोरड्या फडक्यात ठेवाल, तर मी अजून काही नाताळ बघेन. पण माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात एखादं माणूस भांडणानंतर नेहमी आधी चहा ठेवत असेल, तर त्याला एकट्यालाच ते वाक्य म्हणायला लावू नका. दाराबाहेरचा पाहुणा अशाच घरांच्या शोधात असतो.

सारिका उघड्या दारात उभी होती. प्रतीक्षा मला घेऊन बाजूला झाली होती; आत आता कुणीच नव्हतं. पेंटरांनी मागच्या पडद्यावर रंगवलेली एक चूल आणि एक रिकामी खुर्ची तेवढी होती. ती त्या खुर्चीकडे पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"पप्पा, माझं चुकलं. मी घाबरत होते तुमच्या पाहुण्याला. अजूनही घाबरते."